पेनावरची जडावाची पट्टी सारखी सुटतेय? आधी ती कधी सुटली ते आठवा

मी लेथवर, म्हणजे माल फिरवून कातायच्या यंत्रावर, लाकडी पेनं बनवते आणि शोभेसाठी त्यांत धातूची पट्टी चिकटवते. मागच्या वर्षभरात माझी सहा पेनं एकाच दुखण्यानं गेली. लाकूड दर वेळी वेगळं, पट्टी कधी पितळेची तर कधी ॲल्युमिनियमची, गोंदसुद्धा तीन प्रकारचा वापरून झाला. शेवट मात्र ठरलेला. आधी चमकणाऱ्या रेघेच्या कडेला केसाएवढी काळी फट, मग तिथे नख अडकायला लागणार, आणि एक दिवस पेन हातात फिरवताना पट्टी एकटीच गोल फिरणार. सहावं पेन वहिनीला वाढदिवसाला दिलं होतं. "ही बांगडी फिरते ते डिझाइनच आहे ना गं?" असं तिनं अगदी निरागसपणे विचारलं. मी "हो" म्हणून मोकळी झाले आणि घरी येऊन मेलेल्या पेनांचा डबा काढून बसले.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. उभी हयात भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये लेथवर गेली. लाकडाशी त्यांचा संबंध नाही, पण कापणारी धार आणि फिरणारा माल यांच्याबद्दल त्यांना न कळणारं फार थोडं असावं. मी गोंदाच्या कंपन्यांवर बोलायला सुरुवात केली तर त्यांनी हातानंच थांबवलं. "गोंद कुठला ते मागाहून सांग. कधी सुटली ते आधी सांग."

मला सांगता येईना. सहापैकी दोन पेनांचं आठवलं, बाकीच्यांचं "एकदा बघितलं तर फट होती" एवढंच. आणि तिथेच सगळी मेख होती. भोक पाडताना सुटलेली पट्टी, लेथवर सुटलेली, पॉलिश करताना सुटलेली आणि चांगलं दोन महिने वापरल्यावर सुटलेली, या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. मी चारही ठिकाणी एकच औषध देत होते: नवा गोंद.

आधी थोडा हिशेब

नेहमीचा ब्लँक, म्हणजे पेनासाठी कापलेला लाकडाचा ठोकळा, साधारण १९ मिमी चौकोनी असतो. तो आडवा कापून मध्ये पट्टी चिकटवली की पट्टीच्या एका तोंडाला गोंदासाठी ३६१ चौरस मिमी जागा मिळते. भक्कम काम. मग आपण त्यातून ७ मिमीचं भोक आरपार पाडतो आणि साध्या बारीक पेनासाठी बाहेरून ८.४ मिमीपर्यंत कातत आणतो. आता भिंत उरली ०.७ मिमी आणि गोंदाची जागा उरली जेमतेम १७ चौरस मिमी. सुरुवातीच्या एकविसाव्या हिश्श्यावर पट्टी टिकावी अशी आपली अपेक्षा असते.

म्हणजे तयार पेनात पट्टी लाकडानं धरलेली नसतेच. तिला धरून ठेवते ती भोकात चिकटवलेली पितळेची नळी. हे कळल्यावर मी नळी बसवण्याची माझी पद्धत आठवली आणि ओशाळले: थोडा सायनो (क्षणात चिकटणारा पातळ गोंद) लावायचा, नळी ढकलायची, झालं. अर्ध्या वाटेत गोंद पकडायचा आणि पट्टीच्या नेमक्या जागी आत पोकळी राहायची.

आता नळी बाहेरून ८० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं आडवीतिडवी घासते. तिची दोन्ही तोंडं बटाट्याच्या चकतीत दाबून बुचं लावते, म्हणजे गोंद आत जात नाही (आत गेला तर पुढे पेनाचे भाग दाबून बसवताना नळी फुगते आणि लाकूड उभं तडकतं). भोकातला भुसा फुंकून, पुसून काढते. संथ सुकणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) अगरबत्तीच्या काडीनं भोकाच्या आतून सगळीकडे, विशेषतः पट्टीच्या जागी लावते आणि नळीला लावून ती फिरवत फिरवत आत सरकवते. मग चोवीस तास हात लावायचा नाही. डिसेंबर-जानेवारीत, पुण्यात पहाटे दहा-बारा अंश असतात तेव्हा, दोन दिवस.

दुसरी गोष्ट नक्षी ठरवतानाच करता येते. पट्टी पेनाच्या टोकाशी न ठेवता पोटाशी ठेवा. तिथे जाडी १०.५ मिमी राखली तर गोंदाची जागा ४८ चौरस मिमी होते, जवळपास तिप्पट. टोकाशी पट्टी दिसायला छान दिसते हे मान्य, पण टोकं काटकोनात सपाट करणाऱ्या कटरचे दातही तिथेच येऊन तिला अडकतात.

भोक पाडताना सुटली असेल तर

पितळ ड्रिलला ओढून घेतं. लाकडात बिट (ड्रिलचं भोक पाडणारं पातं) शांतपणे जात असतं, पट्टी लागली की एकदम स्क्रूसारखं आत खेचलं जातं आणि तो हिसका चिकटवलेल्या सांध्यावर बसतो. मला वाटायचं माझा हात हलला. काकांनी हसून ऑइलस्टोन, म्हणजे धार लावायचा दगड, आणला आणि बिटाच्या दोन्ही कापणाऱ्या ओठांची पुढची बाजू अगदी किंचित घासून चपटी केली. धार आता खणत नाही, खरवडते. पितळ कापणारे सगळे टर्नर हे करतात, त्यांच्या दृष्टीनं यात सांगण्यासारखं काही नव्हतं. ते बिट मी फक्त पितळेपुरतं वापरते, दांड्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलंय. लाकडात साधं बिट, पट्टीपाशी ठिपकावालं, पट्टी ओलांडली की पुन्हा साधं. कंटाळवाणं आहे, पण काम होतं.

आधी ५ मिमीचं भोक पाडून मग ७ मिमीचं बिट घालणं सुरक्षित वाटतं. पितळेत ते उलटं आहे. मोठं करायला घेतलेल्या भोकात बिट आणखी जोरात ओढलं जातं. एकदाच, पूर्ण मापाचं.

ॲल्युमिनियम ओढत नाही, पण बिटाच्या खाचांत चिकटून बसतं आणि तापतं. इथे काकांचा एक सल्ला मी मानला नाही. ते म्हणाले, "थेंबभर रॉकेल सोड." धातूच्या कामात अगदी बरोबर. पण लाकूड ते पिऊन टाकतं आणि मग त्या भोकात नळीचा गोंद धरत नाही. त्याऐवजी पाच-सहा मिमी आत गेलं की बिट बाहेर काढून भुसा झाडायचा, आणि बिट बोटाला सोसेनासं झालं की थांबायचं.

तापण्याचं एवढं कौतुक का, तर नेहमीचं इपॉक्सी ६०-७० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, पाच मिनिटांत सुकणारं त्याच्याही आधी. सायनो थोडा जास्त सोसतो, पण तो ठिसूळ, हिसक्याला तुटतो. धातूची पट्टी उष्णता झटकन वाहून नेते आणि नेते ती थेट गोंदाच्या थरापर्यंत.

लेथवर कातताना सुटली असेल तर

इथे फेकून देण्याआधी तुटलेली तोंडं भिंगाखाली बघा. चारही वेळांपैकी सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते, आणि मी ती न बघताच पेनं डब्यात टाकत होते.

धातू स्वच्छ, चकचकीत आणि सगळं इपॉक्सी लाकडाला चिकटून राहिलेलं: धातूची तयारी कच्ची. दोन्ही बाजूंना इपॉक्सीचा थर, मधूनच फाटलेला आणि नखानं दबणारा: मिश्रणाचं प्रमाण चुकलं किंवा सुकायला वेळ दिला नाही. दोन्ही तोंडं जवळजवळ कोरडी: क्लॅम्प इतका आवळला की गोंद सगळा बाहेर आला. आणि धातूला चिकटलेल्या इपॉक्सीवर लाकडाचे तंतू उपटून आलेले दिसले, तर गोंदाला नमस्कार करा. त्यानं आपलं काम केलंय. हत्यार बोथट होतं किंवा आपण घाईत होतो.

माझ्या डब्यातल्या दोन पेनांत धातू आरशासारखा निघाला. पट्ट्या मी तांबट आळीतून आणल्या होत्या, पत्र्याची उरलेली कात्रणं, २४-२५ गेज म्हणजे साधारण अर्धा मिमी. चकचकीत होत्या म्हणून तशाच चिकटवल्या. ती चकाकीच शत्रू. पत्र्यावर तेलाचा अदृश्य थर असतो आणि गुळगुळीत पृष्ठभागावर गोंदाला पाय रोवायला जागा नसते. आता ८० नंबरच्या कागदानं दोन्ही बाजू ओरबाडते, ॲसिटोननं पुसते, कापड काळं निघायचं थांबेपर्यंत, आणि मग बोट न लावता लगेच चिकटवते. ॲल्युमिनियमची गंमत आणखी वेगळी. घासल्या घासल्या हवेनं त्याच्यावर पुन्हा ऑक्साइडचा थर चढतो. म्हणून त्याला आधी इपॉक्सी लावायचं आणि त्या ओल्या थरातच कागदानं घासायचं, म्हणजे उघडा पडलेला धातू हवेऐवजी गोंदालाच भेटतो. हात बरबटतात, हातमोजे घाला. मग वर ताजं इपॉक्सी लावून जोडायचं.

लाकडाच्या बाजूनं शिसव आणि सागवान ही दोन तेलकट मंडळी. चिकटवण्याच्या पाचच मिनिटं आधी ॲसिटोनचा बोळा फिरवायचा आणि ते उडून जाऊ द्यायचं. ॲसिटोन हार्डवेअरच्या दुकानातलं घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये त्वचेसाठी तेलं मिसळलेली असतात, म्हणजे तेल काढायला तेल. हा शोध मी स्वतः लावला आहे, कसा ते विचारू नका.

क्लॅम्प फक्त हलू नये इतकाच. इपॉक्सीला थोडी जाडी लागते.

कातताना पहिला धोका चौकोनाच्या कोपऱ्यांचा. लाकडाचे कोपरे उडाले तरी बिघडत नाही, पण धातूचा कोपरा दर फेरीला हत्याराला चार वेळा ठोकतो. लेथवर चढवण्याआधी ते कोपरे कानशीनं गोल करून घ्या. कानस पट्टीच्या दिशेनं चालवा, आडवी ओढली तर तीच पट्टी उचलते. पुढे हत्यार धारदार, काप कागदासारखा पातळ, आणि पट्टीपाशी आल्यावर दाब वाढवायचा मोह आवरायचा.

घासताना, पॉलिश करताना

लाकूड पटकन झिजतं, धातू हळू. नुसत्या बोटानं कागद दाबून धरला की पट्टीच्या दोन्ही बाजूंना लाकूड खाली जातं आणि पट्टी कड्यासारखी वर उरते. मग ती सपाट करायला आपण तिथेच आणखी दाबतो, ती तापते, गोंद मऊ पडतो आणि फट तयार. कागदामागे लाकडाची चपटी पट्टी धरा, वेग कमी ठेवा, दर थोड्या वेळानं लेथ थांबवून पट्टीला बोट लावा. बोटाला चटका बसतोय तर गोंद केव्हाच मऊ पडायच्या बेतात आहे. पॉलिशचं चाक यात सगळ्यात फसवं, दहा सेकंदांत काम बिघडतं.

इथेच अनेक जण दुसरी एक तक्रार फट म्हणून सांगतात. हळदूसारख्या फिक्या लाकडात पितळेची बारीक काळपट भुकटी छिद्रांत भरते आणि पट्टीच्या कडेला धुरकट सावली पडते. ती फट नाही, मळ आहे. नख अडकतंय का बघा. अडकत नसेल तर गोंदाशी त्याचा संबंध नाही. घासायच्या आधी पातळ सायनोचा किंवा लाखेच्या पॉलिशचा एक हात देऊन छिद्रं बुजवा, शेवटचे कागद लेथ बंद ठेवून उभे, लांबीच्या दिशेनं चालवा.

मास्क लावा. शिसवाच्या भुशानं काही जणांना खाज आणि दमा दोन्ही होतात, पितळेची भुकटीही फुप्फुसांत नको.

महिन्या-दोन महिन्यांनी सुटली असेल तर

आता फटीची दिशा बघा. पट्टीच्या कडेनं गोल फट असेल तर वर परत जा: पट्टीखाली पोकळी, धातूची तयारी किंवा उष्णता. मे महिन्यात पेन गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं होतं का, हेही विचारा. बंद गाडीत उन्हात तिथलं तापमान ६० अंशांच्या वर जातं.

पण भेग उभी असेल, लाकडातून लांबीनं येऊन पट्टीशी थांबलेली, तर तो दोष गोंदाचा नाहीच. लाकूड ओलं होतं.

पुण्याची हवा लाकडाला फार फिरवते. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे तीन दिवस वाळत नाहीत, आणि एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतात. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडवं हलतं. सागवान शांत समजलं जातं, तरी पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वलयांच्या दिशेनं सहा टक्क्यांच्या आसपास आक्रसतं. पावसाळ्यात कातलेल्या पेनातली ओल उन्हाळ्यापर्यंत १४ टक्क्यांवरून ८ वर आली, तर ८.४ मिमी जाडीच्या पेनाचा २६ मिमीचा घेर सुमारे ०.३ मिमीनं कमी व्हायला बघतो. आतली नळी तसूभरही हलत नाही. ०.७ मिमीची भिंत ताणली जाते आणि तडकते.

"पण माझं लाकूड शंभर वर्षं जुनं आहे" असं मीही म्हणाले होते. पेठेतला एक वाडा पाडला तेव्हा तुळईचे तुकडे मिळाले होते, काय ते सागवान, रंधा मारला की मधासारखं! जुनं लाकूड नव्या लाकडाइतकं वाकडंतिकडं होत नाही हे खरं, पण हवेतली ओल तेही पितं. माझं तर पार्किंगमध्ये अख्खा पावसाळा गोणपाटाखाली पडलेलं होतं. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये मिळणाऱ्या तुकड्यांचंही तेच, ते कुठे आणि किती दिवस पडून होते ते तुम्हाला माहीत नसतं. (वाड्याच्या लाकडात मोडलेले खिळे असतात. करवतीआधी चुंबक फिरवा.)

ओल मोजायचं यंत्र नसेल तर वजन करा. १९ मिमीचा, १३० मिमी लांबीचा सागवानी ब्लँक साधारण ३० ग्रॅमचा असतो, म्हणजे एक टक्का ओल म्हणजे ०.३ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा याला पुरत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा घ्या. ब्लँकवर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहून घरात, पंख्याच्या वाऱ्याला लागतील असे ठेवा. दर रविवारी वजन. लागोपाठ तीन रविवार आकडा हलला नाही की लाकूड तुमच्या घराच्या हवेला आलं. पावसाळ्यात आलेला स्थिर आकडा मात्र पावसाळ्याचाच असतो. त्या दिवसांत मी कातकाम बंद ठेवत नाही, पण पातळ भिंतीची पेनं दिवाळीनंतरच करते.

तिरपी नक्षी असेल तर

चार तिरपे काप घेऊन एकमेकांत गुंतलेल्या कड्या दाखवणारी नक्षी, जिला सेल्टिक नॉट म्हणतात, तिच्यात रेघा जुळल्या नाहीत म्हणून "पट्टी सरकली" असं वाटतं. बहुतेक वेळा ती सरकलेली नसते. करवतीच्या कापाची रुंदी आणि पट्टीची जाडी एकच नसते. काप १ मिमीचा आणि पट्टी अर्धा मिमीची असली की प्रत्येक जोडणीला ठोकळ्याचा अक्ष थोडा ढळतो, चौथ्या कापापर्यंत चूक चौपट. रद्दी लाकडात एक काप घ्या आणि पट्टी त्यात घालून बघा: अंगठ्याच्या दाबानं जावी, पडू नये. ढिली असेल तर दोन्ही बाजूंना व्हीनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावून जाडी भरा.

खरोखर सरकतेही कधी कधी, कारण ओलं इपॉक्सी वंगणासारखं असतं आणि तिरपा सांधा दाबला की घसरतो. लोखंडी अँगलचा तुकडा पन्हळीसारखा ठेवून, आत पॅकिंगची टेप लावून त्यात ठोकळा दाबा. इपॉक्सी टेपला चिकटत नाही.

जे पेन आधीच सुटलंय त्याचं काय

फट केसाएवढी असेल आणि पट्टी फिरत नसेल, तर लेथ बंद ठेवून पातळ सायनोचा एकच थेंब फटीवर सोडा. तो आपोआप आत ओढला जातो. सुकवणारा स्प्रे मारू नका, वरचा थर गोठतो आणि आतला ओला राहतो. रात्रभर ठेवा, मग हलका कागद. पट्टी फिरायला लागली असेल तर वरून भरलेला गोंद महिनाभरात पुन्हा सोडतो, नळी काढून नव्यानं करण्याला पर्याय नाही. वहिनीचं पेन मी तसंच केलं. तिला ते परत दिलं तेव्हा ती जरा हिरमुसली, म्हणाली फिरायची ती बांगडी मीटिंगमध्ये बरी होती.

मदत मागताना नुसतं "पट्टी सुटली" लिहू नका. लाकूड कोणतं, धातू कोणता, कोणत्या महिन्यात कातलं, कातल्यावर किती दिवसांनी फट दिसली, फट गोल की उभी, आणि तुटलेल्या तोंडांचा जवळून काढलेला फोटो. एवढं असलं तर गोंदाचं नाव नाही सांगितलं तरी चालेल.